उमेदवाराची कुळकथा

आमच्या गल्लीतल्या एका पोराला बारावीनंतर मोठ्या आयटी कंपनीनं घेतलं. आधी प्रशिक्षण, मग काम, आणि काम करता करताच पदवी. हे सगळं आजीच्या गळी उतरवायचं म्हणून त्याच्या काकांनी सोपं करून सांगितलं, "शिकाऊ उमेदवार म्हणून निवडलंय त्याला." आजीनं हातातली शेंग बाजूला ठेवली आणि विचारलं, "कंच्या पक्षाकडनं रं?"

सगळे हसले, पण आजीचं तरी काय चुकलं? वाशीत उमेदवार म्हटलं की पंचायत समितीच आठवते. (वाशी म्हणजे आमची, धाराशिव जिल्ह्यातली. पुण्यात नाव सांगितलं की समोरचा लगेच फ्लॅटचा भाव विचारतो.) मतं मागणारा आणि काम शिकणारा, दोघांना एकच शब्द कसा, हे मला त्या दिवसापर्यंत कधी खटकलं नव्हतं.

'उमेद' फारसीतून आली. उमेदवार म्हणजे उमेद बाळगून असलेला. इंग्रजीतला 'अप्रेंटिस' हा 'शिकणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदातून निघाला. त्यांच्या शब्दाला शिकणं दिसलं, आपल्या शब्दाला आस दिसली. म्हणून तर आपल्याला पुढं 'शिकाऊ' हे विशेषण वेगळं डकवावं लागलं. मोल्सवर्थच्या कोशातला उमेदवारही जागेच्या आशेवर बसलेला माणूस आहे. कचेरीत उमेदवारी करायची म्हणजे जुन्या कारकुनाशेजारी बसायचं, नकला उतरायच्या, वळण घोटायचं आणि एखादी जागा रिकामी होते का याची वाट बघायची. पगाराचं नाव काढायचं नाही. शिकणं व्हायचं, पण ते वाट बघता बघता.

त्याआधी आपल्याकडे शब्द होता 'अंतेवासी', म्हणजे जवळ राहणारा. याज्ञवल्क्यस्मृतीत त्याचा नियमच दिलाय. कला शिकून झाली तरी ठरलेली मुदत संपेपर्यंत गुरूच्या घरी राहायचं. जेवण गुरूचं, आणि कामातून होणारी कमाईही गुरूची. या स्मृतीवरची प्रसिद्ध टीका 'मिताक्षरा' विज्ञानेश्वरानं लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत. म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या जिल्ह्यातल्या उमरग्याच्या पलीकडे. आयटीतल्या पोरांच्या तोंडी सारखा असणारा 'बॉण्ड' हा शब्द ऐकला की मला याज्ञवल्क्याचा तो नियम आठवतो. शिकवायला खर्च केलाय, तो वसूल होईपर्यंत हलायचं नाही, हा हिशोब तेव्हाही मांडलेला होता.

कायदा आला तो १८५० साली, कंपनी सरकारचा. त्याचा डोळा अनाथ आणि गरीब पोरांवर होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला धंदा शिकायला एखाद्याकडे बांधून देता यायचं. स्वतंत्र भारतानं त्याच्या जागी १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आणला. तो प्रथम कारखान्यातल्या फिटर-टर्नरसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीनं पदवी-पदविकावाले अभियंते त्यात आले, आणि बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांना २०१४ पर्यंत थांबावं लागलं. या कायद्यातलं एक कलम मला सगळ्यात बोलकं वाटतं. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. नोकरी द्यायचीच असंही मालकावर बंधन नाही. थोडक्यात, उमेद कायद्यानंही उमेदच ठेवली. विद्यावेतन मात्र लिहून दिलं. २०१९ च्या नियमांत पदवीच्या उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये ठरले.

पण या सगळ्यात पदवी आधी आणि उमेदवारी मागून. दोन्ही एकाच वेळी करायचं हे कुठून आलं? महाराष्ट्रात कुणीही पटकन कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेईल. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं, त्याचे उपकार मोठेच. तरी कूळ वेगळं आहे. तिथं पोरगा शेतात राबायचा आणि वर्गात इतिहास शिकायचा. कामानं शिक्षणाचा खर्च निघायचा, कामाला मार्क नव्हते. पदवीच्या उमेदवारीत कामच अभ्यासक्रमात बसतं.

याचा जवळचा पूर्वज मला बिहारात सापडतो. जमालपूरच्या रेल्वे कार्यशाळेत १९२७ पासून 'स्पेशल क्लास'ची पोरं घेत. कोवळ्या वयाची मुलं, देशभरातून परीक्षेनं निवडलेली, हातात हत्यार आणि महिन्याला विद्यावेतन. शेवटी शेवटी त्यांना मेसऱ्याच्या बिर्ला इन्स्टिट्यूटची मेकॅनिकलची पदवीही मिळे. २०१५ नंतर ती परीक्षा झालीच नाही.

आयटीत ही वाट विप्रोनं १९९५ मध्ये पाडली. हीच विप्रो १९४५ साली खानदेशात अमळनेरला वनस्पती तूप काढायला निघाली होती. बीएस्सी, बीसीए झालेली पोरं घ्यायची, आठवडाभर काम द्यायचं, आणि बिट्स पिलानीसारख्या संस्थेची एमटेकपर्यंतची पदवी कामासोबत करून घ्यायची. बारावीच्या पोरापर्यंत ही गोष्ट एचसीएलच्या 'टेकबी' योजनेनं २०१७ मध्ये आणली. इंग्लंडात 'डिग्री अप्रेंटिसशिप' हे नाव २०१५ ला रुळू लागलं, म्हणजे नाव त्यांचं ताजं, वाट आपली जरा जुनी. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीतच उमेदवारी बसवण्याची तत्त्वं २०२० मध्ये काढली.

यात माझी एक शंका आहे. तेरखेड्यात, आमच्याच तालुक्यात, फटाके वळणारे हात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे बघून शिकले. चुकलं की शेजारचा लगेच हाताला धरतो. आमच्या गल्लीतला पोरगा मात्र सध्या पत्र्याच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून शिकतोय. शिकवणारा कुठल्या शहरात आहे हे त्याला ठाऊक नाही. लाईट गेली की तो मोबाईलवर उडी मारतो आणि गच्चीवर रेंज शोधत फिरतो. अंतेवासीमधलं 'जवळ' तेवढं गेलंय.

तो अजून सतरा वर्षांचा आहे. अज्ञान मुलाच्या करारावर पालकाची सही लागते. कराराचा कागद आला तेव्हा वडील रानात होते. ते आले, हात धुतले, चष्मा शोधला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. पोराला घाई. तो म्हणत होता, शेवटच्या पानावर सही करा, बाकी सगळं इंग्रजी आहे. वडिलांनी बोट ठेवून विचारलं, "मुदत कुठं लिहिलीय ती दाखव आधी."