करमाडच्या कणग्या

औरंगाबादहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील करमाड हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या मुलखात मोडत असे; आणि निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी 1865 च्या जिल्हाबंदीच्या काळात धान्याच्या बटाईऐवजी रोख महसुलाचा अंमल बसविल्यावर, हप्ता भागवून उरलेली तूर, मूग आणि हरभरा पुढील पेरणीपर्यंत निर्दोष राखणे हा या टापूतील रयतेच्या घरोघरचा निकडीचा प्रश्न होता. ज्वारी पेवात जाई. कडधान्य मात्र कडक उन्हात वाळवून, एरंडेल चोळून किंवा राखेत कालवून शेणाने लिंपलेल्या कणगीत भरीत.

वैरी होता भुंगेरा. त्याची मादी दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढी, पांढुरकी अंडी चिकटविते. अळी दाणा पोखरीत आतच वाढते, आणि भुंगेरा बाहेर पडला की मागे वाटोळे भोक तेवढे उरते. विसाव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स फॉक्स या कीटकशास्त्रज्ञाने याच जातीवर प्रयोग करून दाखविले की, मातेचे वय वाढते तसतशी तिची अंडी लहान होत जातात आणि ती उबण्याचे प्रमाणही घटते. अर्थात, सर्वांत चिवट संतती तरुण मातेच्या पहिल्या दिवसांतली. म्हणूनच खळ्यावरून आलेला माल विनाविलंब उन्हाला घालून तेल लावण्याचा करमाडकडील गृहिणींचा आग्रह मला अत्यंत शास्त्रशुद्ध वाटतो. एरंडेलाचा पातळ लेप अंड्यातील जीवाला हवा मिळू देत नाही, हे आता प्रयोगसिद्ध आहे.