फंड



इतिहास म्हटलं की आपण महाड काढतो, काळाराम मंदिर काढतो, पुणे करार काढतो. काढायलाच पाहिजे. पण पगाराच्या चिठ्ठीवर ‘पी. एफ.’ म्हणून कपातीची एक ओळ असते, तिलाही इतिहास आहे आणि त्या इतिहासातही जात आहे. मी सूतगिरणीत साच्यावर काम करतो. शाळा दहावीला सुटली, वाचन सगळं पाळी सुटल्यावरचं. पंडितांनी भाषेत चुका काढाव्यात, हिशेबात सापडायच्या नाहीत.

फंड नव्हता तेव्हा गिरणी कामगार म्हातारा झाला की कुठं जायचा? गावाला. कुणब्याचा रानाचा तुकडा असायचा, भाऊबंद कसत असायचे, भाकरी सुटत नव्हती. आपल्या माणसाची वाट कोण बघत होतं? महारवतन. येसकरकी करायची, सरकारी टपाल घेऊन पळायचं, मेलेली ढोरं ओढायची, आणि बदल्यात बलुतं अन् इनामाची चिंधी. तीच आपली पेन्शन! १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यावर दुरुस्तीचं बिल आणलं, ते याच गळफासावर. तो सोडायचा तर म्हातारपणाला दुसरा आधार लागतो, आणि तो गावात नव्हता. तो पगारातूनच निघायला हवा होता.

१९२५ चा प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा होता, पण तो सरकारी आणि रेल्वेच्या नोकरांपुरता. कोळसा खाणीवाल्यांना १९४८ साली फंड लागू झाला. बाकी कारखान्यांसाठी १५ नोव्हेंबर १९५१ ला वटहुकूम निघाला आणि १९५२ साली त्याचा कायदा झाला. सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड असे सहा धंदे. ५० माणसं असलेला कारखाना. कपात सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयाला एक आणा. तेवढाच मालकाचा.

इथं एक सांगून टाकतो. हा कायदा बाबासाहेबांनी केला असं आपली पोरं भाषणात ठोकून देतात. तसं नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्यविम्याचा आडारकर अहवाल, आठवड्याला ४८ तासांची दुरुस्ती ही त्या काळातली कामं. पण फंडाचा वटहुकूम निघाला तेव्हा ते मंत्रिमंडळातून राजीनामा देऊन बाहेर पडलेले होते, आणि मजूरखातं जगजीवनराम यांच्याकडं होतं. काँग्रेसवाल्याचं नाव घ्यायला आपली जीभ अडखळते. अडखळू दे. बाबासाहेबांचं मोठेपण उसन्या कायद्यावर उभं नाही.

आता जात. मुंबईच्या गिरण्यांत मागाच्या खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. धोट्यात धागा ओढायला तोंड लावावं लागायचं, सवर्ण विणकराला त्याचा विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं मांडला होता. मागाचा पगार जास्त, साच्याचा कमी. फंड कापायचा टक्क्यानं. टक्का सगळ्यांना सारखा, किती छान! पण कमी पगाराचा टक्काही कमीच. म्हणजे तरुणपणी तोंडाला लागलेला विटाळ म्हातारपणी खात्यावर जमा होतो. ही गोष्ट कुठल्या कलमात लिहिलेली नाही, म्हणून ती कुठल्या दुरुस्तीनं जातही नाही.

बदलीवाल्याचं तर त्याहून वाईट. आरंभी सलग वर्षभर नोकरी झाल्याशिवाय फंड सुरू होत नसे. रोज सकाळी गेटवर उभं राहून ‘आज काम आहे का’ विचारणाऱ्याचं वर्ष सलग कसं होणार? पुढं ही अट सैल होत गेली आणि गेली. पण तोवर किती पिढ्यांची वर्षं वाया गेली!

फंड म्हणजे एकरकमी पैसा. पेन्शन म्हणजे मरेपर्यंत महिन्याला. १९७१ साली आलेली योजना कुटुंबपेन्शनची, म्हणजे कामगार मेला तर बायकापोरांना. जिवंत म्हाताऱ्याला पेन्शन मिळायला १६ नोव्हेंबर १९९५ उजाडला. आणि मुंबईचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. मधली तेरा वर्षं मोजा. संपात अडीच लाखांच्या आसपास माणूस रस्त्यावर आला. ज्यांनी त्या काळात फंड उचलून हिशेब केला ते पेन्शनच्या दारापर्यंत पोचलेच नाहीत. माझा आजा त्यातला. फंडाच्या पैशात आत्याचं लग्न, वाण्याची उधारी आणि कोकणात जायचं एसटीचं भाडं, एवढंच.

आताची पेन्शन कशी बसते ते समजून घ्या, कुणी शिकवणार नाही. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. मूळ पगार अन् महागाई भत्ता मिळून १०,५०० आणि नोकरी १४ वर्षं, तर २,१०० रुपये. दहा वर्षं भरली नाहीत तर महिन्याची पेन्शन नाहीच. पूर्वी शेवटच्या १२ महिन्यांची सरासरी धरत, २०१४ पासून ६० महिन्यांची. पगार वाढत जाणाऱ्याला त्यात तोटाच. त्याच साली सरकारनं किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरवली. एक हजार!

कापलेले पैसे मालकानं भरलेच नाहीत तर? १९७३ साली दंडसंहितेच्या विश्वासघाताच्या कलमात खुलासा घातला गेला : कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी ही मालकाकडं ठेवलेली ठेव, ती बुडवली तर फौजदारी गुन्हा. १९५२ च्या कायद्यानंही ठेकेदारामार्फत लावलेला माणूस कामगारच धरला होता. कागद आपल्या बाजूनं आहे.

आमच्या गिरणीत (नाव लिहीत नाही, पोट आहे) कापसाचा कचरा काढायला ठेकेदाराच्या बाया येतात. जवळजवळ सगळ्या आपल्याच वस्तीतल्या. चिठ्ठीवर कपात दिसते. मोबाइलवर पासबुक उघडून दाखवलं तर गेल्या सात महिन्यांचं काहीच जमा नाही. मावशी म्हणाली, ‘बाबा, मला वाटलं हा दंड असतोय.’ दर पाळीला एकेकीची चिठ्ठी मागून घेतो आणि झेरॉक्स काढून ठेवतो. आतापर्यंत अकरा जमल्यात.