नाशिकची ट्राम आणि मॅनिफोल्डची सायकलवाट

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड आणि हॅम्प्स या नद्यांच्या काठाने सुमारे १३ किलोमीटरची एक सायकलवाट जाते. चुनखडीचे डोंगर, एक बोगदा, वारंवार नदी ओलांडणारे पूल. ही वाट मुळात अडीच फूट रुंदीचा रेल्वेमार्ग होती आणि तिचा अभियंता त्याआधी नाशिकसाठी काम करून गेला होता. त्याचे नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

जी. आय. पी. रेल्वे १८६५ मध्ये थळ घाट चढून वर आली खरी, पण रूळ गोदाकाठच्या शहरापासून आठ-नऊ किलोमीटर दूरच राहिले. ‘नाशिकरोड’मधला ‘रोड’ म्हणजे तेच अंतर! रामकुंडाकडे निघालेल्या यात्रेकरूंची खरी दमछाक गाडीतून उतरल्यावर सुरू होई.

१८८९ मध्ये हे अंतर ट्रामने सांधले. मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेपासून स्थानकापर्यंत अडीच फुटी रूळ, दोन डबे, चार घोडे. सल्लागार अभियंता कॅलथ्रॉप. घोडेच जुंपायचे तर रूळ कशाला? कारण खडीच्या, पावसाळ्यात चिखल होणाऱ्या रस्त्यावर चाक रुतते. लोखंडावर ते जवळजवळ विनासायास फिरते. तेवढेच घोडे कितीतरी अधिक ओझे ओढतात. पुढे घोड्यांच्या जागी इंजिन आले.

हाच अडीच फुटी रूळ कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेसाठी आणि १९०४ मध्ये मॅनिफोल्डच्या खोऱ्यात वापरला. (पुढे हे गृहस्थ वैमानिकांसाठी हवाई छत्र्या बनवू लागले. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.)

दुष्काळ आणि प्लेगच्या तोट्याने खचलेली आपली ट्राम १९३१ ते १९३३ च्या दरम्यान थांबली. मॅनिफोल्डची गाडीही १९३४ मध्ये बंद पडली. म्हणजे अखेर जवळपास एकाच वेळी, फरक नंतरचा. तिकडे रूळ निघाल्यावर ती पट्टी कौंटी कौन्सिलने राखली आणि १९३७ मध्ये लोकांसाठी खुली केली. आपली पट्टी शहराच्या वाढीत विरून गेली.

गेल्या रविवारी मी स्थानकापासून मेन रोडपर्यंत सायकलने गेलो. वाटेत नासर्डीच्या पुलावर थांबलो. ट्रामलाही ही नदी ओलांडल्यावाचून शहरात शिरता येत नव्हते. रुळाचा तुकडाही कुठे दिसला नाही.

ट्राममध्ये बसलेली शेवटची मुले आज शंभरीच्या घरात असतील. तुमच्या घरी एखादे तिकीट, छायाचित्र किंवा नुसती ऐकीव आठवण असेल, तर कृपया खाली लिहा.