डाव, तोड आणि एक रुपया

सिल्वासाचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप दोन ठिकाणी थांबते. १७७९ साली पुण्यात झालेल्या तहाला अनुसरून पेशव्यांनी १७८३ मध्ये नगर हवेलीतील गावांचा महसूल पोर्तुगीजांना तोडून दिला, हे एक. आणि सुधीर फडक्यांसारखा गायक-संगीतकारही ज्यांच्यात होता त्या स्वयंसेवकांनी २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त केले, हे दुसरे. या दोहोंवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला ज्या लढायांविषयी लिहायचे आहे त्या पत्र्याच्या छपराखाली, एकेका रुपयाच्या नाण्यावर झाल्या. त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

करसवलतींमुळे इथे कारखाने आले आणि वारली, कोकणा, धोडिया या मूळच्या वस्तीत बाहेरच्या कामगारांची भर पडली. घरात मराठी, दुकानात गुजराती आणि कारखान्यात हिंदी अशी आपली तिपेडी बोली इथलीच. या सगळ्यांची मुले संध्याकाळी एकत्र जमत ती नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये. घरच्यांच्या लेखी ती जागा गुत्त्याच्या खालोखाल बदनाम होती.

‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली काढला. आठ लढवय्यांतून एक निवडायचा. तीन बटणे ठोशांची, तीन लाथांची, आणि आठ दिशांना फिरणारी दांडी. आठांपैकी एक होता आपला भारतीय, धालसिम नावाचा. गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय आणि तोंडातून आग ओकणारा हा योगी पाहून आपल्या योगाचार्यांना काय वाटले असते कोण जाणे! पण खरी क्रांती चित्रांत नव्हती, नियमात होती. तोवरच्या बहुतेक यंत्रांवर माणूस यंत्राशी लढे. इथे शेजारी उभा असलेला मुलगा नाणे टाकून तुम्हाला आव्हान देई. जिंकणारा त्याच रुपयावर पुढे खेळे आणि हरणारा खिसा चाचपत मागे सरके. ज्याच्या खिशात दोनच रुपये आहेत त्याला हा नियम सगळे काही शिकवतो. श्रीमंताचा मुलगा हरून पुन्हा नाणे टाकू शके. गरिबाच्या मुलाला खेळायच्या आधीच शिकून यावे लागे.

तो शिके पाहून. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद सांगतात त्याप्रमाणे प्रत्येक डावाला तोड असते, फक्त ती सुचायला हवी. खाली, तिरके, पुढे अशी दांडी फिरवून ठोसा मारला की हातातून निळा गोळा सुटतो. त्यावरून उडी मारावी, तर खाली उतरताना वरच्या दिशेचा ठोसा बसतो. मग उडी मारायचीच नाही, गोळा अडवत इंच इंच पुढे सरकायचे. ही तोड कुठल्या पुस्तकात छापलेली नव्हती. ती वहीच्या मागच्या पानावर बाण काढून, भांडून, पुन्हा करून पाहून सापडली होती. ‘नीचेथी मार’, ‘अरे खालून नको, थांब’, ‘अभी उछलेगा, देख’ असा तीन भाषांतला सल्ला मागून चालू असे आणि तो देणाऱ्याने कित्येकदा आठवडाभर एक नाणेही टाकलेले नसे.

यातले एक गुपित आम्हाला फार उशिरा कळले. एक फटका पुरा व्हायच्या आत दुसरा जोडता येतो, आणि दोन्ही बसतात. ही साखळी बनवणाऱ्यांनी मुद्दाम आखलेली नव्हती. ती यंत्रणेतून आपसूक निघाली, त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. पुढच्या साऱ्या मारामारीच्या खेळांचा पाया म्हणजे ही ‘काँबो’. अपघात म्हणावा तर असा!

दुसरी गोष्ट वेळेची. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटतात. हलका ठोसा चार-पाच चित्रांत बसतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे पंधरा चित्रांएवढा वेळ लागतो. तेव्हा असा ठोसा पाहून अडवणे शक्यच नाही. समोरचा तो केव्हा मारेल हे ओळखावे लागते. आज हे आकडे तक्त्यांतून मिळतात. पार्लरमधल्या मुलांना आकडे ठाऊक नव्हते. ‘हा घाबरला की लाथ मारतो’ एवढे मात्र त्यांना नेमके ठाऊक असे.

१९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा तिघांनी मिळून खेळायचा खेळ देशभर ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला, त्यातल्या एका गड्याच्या नावावरून. तिथे भांडण फक्त जेवणाची थाळी कोणी उचलायची यावर होई. मग १९९७ साली ‘किंग ऑफ फायटर्स’चा त्या सालचा भाग आला. प्रत्येकी तीन गडी, एक पडला की दुसरा. कोणता गडी आधी उतरवायचा याचाच खल अर्धा तास चाले.

आता कायद्याकडे वळू, कारण घरच्यांच्या रागाला आधार तिथलाच होता. आपल्या दोन्ही बाजूंच्या राज्यांना जुन्या मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगारबंदी कायदा वारशाने मिळाला. केवळ कौशल्याचा खेळ त्यातून वगळलेला आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले. व्हिडिओ गेमचा प्रश्न कर्नाटकातून १९९५ साली त्याच न्यायालयात गेला. त्या खटल्यात पोकरच्या जातीची यंत्रेही होती, आणि अशा खेळांना परवान्याचे बंधन घालणे न्यायालयाने वैध ठरवले. निकाल चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण पैसे लावायचे यंत्र आणि डाव-तोडीचे यंत्र लोकांच्या नजरेत एकाच ओळीत उभे राहिले ते राहिलेच.

या शाळेत काय शिकवले जात होते याचा पुरावा पुढे लाहोरहून आला. तिथल्या अर्सलान ॲश या तरुणाने फेब्रुवारी २०१९ मध्ये जपानमधली आणि ऑगस्टमध्ये लास व्हेगासमधली, अशा ‘टेकन ७’च्या दोन्ही मोठ्या ‘इव्हो’ स्पर्धा जिंकल्या. लास व्हेगासच्या अंतिम फेरीत त्याने हरवले ते ‘नी’ या नावाने खेळणाऱ्या नामांकित कोरियन खेळाडूला. आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी आहेत, असे तो सांगे. ते तपासायला ‘नी’ स्वतः लाहोरला गेला.

आपल्याकडची पार्लरे मात्र तोवर बंद झाली होती; आधी घरातली यंत्रे आली, मग सायबर कॅफे, मग मोबाइल. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सना क्रीडाप्रकारांत जागा दिली. २०२३ च्या सप्टेंबरात चीनमधल्या हांगचौ आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा खेळ होता आणि भारताचे दोन खेळाडू, मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास, त्यात उतरले होते. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम क्वान-वू याने घेतले. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या पार्लरमधून कान धरून घरी नेलेल्या आणि आज पिपरियाच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या मुलांच्याच वयाचा.