नदीतळ बुजणे
वाळूच्या कणांमधील फटींत बारीक गाळ अडकून नदी व भूजल यांच्यातील पाण्याची देवाणघेवाण मंदावण्याची क्रिया. ०.०६ मिमीपेक्षा बारीक पोयटा आणि चिकणमाती या क्रियेस मुख्यतः कारणीभूत असतात. वाळूने भरलेल्या चाळणीवर गढूळ पाणी ओतत राहिले, की धार हळूहळू थेंबांवर येते. नदीतही तसेच घडते. झिरपा घटतो, तळातील जीवांना प्राणवायू कमी पडतो.

उदाहरणार्थ, हैदराबादेत हिमायतनगरच्या दक्षिणेकडून मुसी नदी वाहते. १९०८च्या महापुरानंतर उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधले गेले. धरणांमुळे पूर आवरतात. मात्र तळ खरवडून फटी मोकळ्या करणारे लोंढेही विरळ होतात.

त्यातच, नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यावर पोसलेल्या जिवाणूंचा बुळबुळीत थर उरल्यासुरल्या फटीही लिंपून टाकतो.