कोहळ्यांची तळी

नवेगावबांधला तुम्ही कधी गेलात, तर धरण कुठे आहे हे चटकन उमगायचे नाही. गोंदिया जिल्ह्यातले हे विस्तीर्ण तळे डोंगरांनी वेढलेले आहे. मधल्या खिंडी तेवढ्या मातीच्या पाळीने बुजवल्या आहेत. निम्मे काम डोंगरांनीच केले म्हणा ना! अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने हे तळे बांधले. लोक त्याला कोलासुर देव म्हणून पुजतात. भोवतालच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि बांध पुरा करायला त्यांनीच हात लावला अशी कथा आहे. बांधणाऱ्यालाच देव करणारा हा मुलूख!

कोहळी म्हणजे धान आणि ऊस पिकवणारे लोक. चांद्याच्या गोंड राजांनी, तळे बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन देऊ, असे जाहीर केल्याचे सांगतात. भंडारा-चांदा भागात तळ्यांचे जाळे उभे राहिले ते अशाच उत्तेजनाने.

पण इथे तर पाऊस भरपूर, मग तळी कशाला, असे तुम्ही विचाराल. अहो, धानाला शेवटचे पाणी हवे असते! हस्ताने दगा दिला की लोंबीत दाणा भरत नाही. त्या वेळी तुडुम उघडायचा आणि पाटाने पाणी बांध्यांत सोडायचे. पाळीच्या बाजूला सलंग ठेवलेला असतो. जादा पाणी तिथून मुकाट्याने वाहून जाते. मातीच्या धरणाला सगळ्यांत मोठे भय कशाचे, तर डोक्यावरून जाणाऱ्या पाण्याचे. १२ जुलै १९६१ ला पानशेतची खचलेली भिंत ओलांडून पाणी गेले, आणि पुढे पुण्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहेच.

ही तळी पुढे मालगुजारांकडे आली, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. डागडुजी गावाकडून होई. त्यात बेगारही होती, ते विसरून त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. तळी सरकारजमा झाली. मात्र पावसाळ्यापूर्वी पाळ बघायची कुणी, तुडुम साफ करायचा कुणी, हे काम गावाच्या हातून सुटले. किती तरी तळ्यांत गाळ चढला, काठाला बेशरम माजली. २०१७ मध्ये सरकारने गाळ काढून शेतात टाकण्याची योजना काढली. तळ्यातला गाळ बांधीत पडला म्हणजे काय होते, हे धान पिकवणाऱ्याला शिकवावे लागत नाही. मात्र पहिली टोपली भरण्याआधी पाळीचा पाया कुठवर आहे हे पाहून घ्यावे. तिच्या अगदी पायथ्याशी यंत्राने खणू लागलात, तर आहे ती पाळही जायची.