जहाजाचा निरोप आणि खलाशांचा

सन २०१७ च्या मार्च महिन्याच्या ६ तारखेस, सूर्य मावळतांना, मुंबईच्या आरमारी गोदींत ‘विराट’ या विमानवाहू जहाजावरील निशाण उतरविण्यांत आलें. इंग्रजांच्या पदरीं ‘हर्मीस’ या नांवानें पंचवीस वर्षें आणि आपल्या पदरीं तीस वर्षें चाकरी करून हें जहाज निवृत्त झालें. त्याच्या निरोपाचा सोहळा कांहीं एका दिवसाचा नव्हता. २०१६ च्या फेब्रुवारींत विशाखापट्टण येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय आरमारी संचलनांत तें सामील झालें. जुलैंत मुंबईहून कोचीपर्यंतचा प्रवास त्यानें स्वतःच्या यंत्रबळावर केला, तो शेवटचाच. कोचीच्या गोदींत त्याच्या पोटांतील यंत्रें काढून घेतलीं, आणि ऑक्टोबरांत ‘टग’ म्हणून ज्या ओढणाऱ्या बोटी असतात त्यांनीं तें मुंबईस परत आणलें. आपल्या निशाणाखालीं ज्यानें सुमारें अकरा लक्ष किलोमीटर पाणी कापलें, म्हणजे पृथ्वीस जणूं सत्तावीस प्रदक्षिणा घातल्या, तें आपल्या पायांनीं गेलें आणि दुसऱ्याच्या हाताला धरून घरीं आलें!

हा समारंभ उचितच होता. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु लोखंडाच्या जहाजाविषयीं ज्यांच्या अंतःकरणांत इतका जिव्हाळा उत्पन्न होतो, त्यांनीं अशा जहाजांवर राबणाऱ्या साध्या खलाशास, त्याच्या अंगावरील वेषास, कसें वागविलें हें पाहण्यासारखें आहे. आणि तें पाहण्यास मुंबईची गोदी सोडून दूर जाण्याचें कारण नाहीं.

गोदीला लागूनच ‘आंग्रे’ हा आरमारी तळ आहे. हा मुळांत इंग्रजांचा मुंबईचा किल्ला. ज्या मुंबईहून कान्होजी आंग्र्यांवर इंग्रजांच्या मोहिमा निघाल्या, त्या मुंबईच्या किल्ल्यासच पुढें त्यांचें नांव मिळावें, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा. इंग्रजी अमदानीच्या अखेरीस त्यास कॅसल बॅरॅक्स म्हणत. १९४६ च्या फेब्रुवारींत तेथें गोळ्या सुटल्या त्या वेळीं विराटचा अर्धवट सांगाडा इंग्लंडांतील बॅरो गांवच्या कारखान्यांत पडून होता. १९४४ सालीं त्याच्या कामास आरंभ झाला होता, परंतु महायुद्ध संपतांच तें थांबविण्यांत आलें होतें. तेव्हां ही हकीकत त्या जहाजाचा पाण्याशीं संबंध येण्यापूर्वींची आहे.

महायुद्धापूर्वीं ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हें अगदींच लहान दल होतें. खलाशांची संख्या दोन हजारांपर्यंतहि पोंचली नव्हती. युद्धाच्या पांचसहा वर्षांत ती दहापटीहून अधिक वाढली. भरतीच्या जाहिरातींत चांगल्या पगाराचीं, हुन्नर शिकविण्याचीं व पुढील भवितव्याचीं आश्वासनें असत. लिहितांवाचतां येणारीं, कांहीं मॅट्रिकपर्यंत गेलेलीं, नाना प्रांतांचीं व धर्मांचीं मुलें त्या आश्वासनांवर विसंबून आलीं. परंतु देशांत त्यांच्याविषयीं आपुलकी नव्हती. १९४५ च्या अखेरीस दिल्लीच्या लाल किल्ल्यांत आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, तेव्हां गांवोगांव त्यांचा जयजयकार झाला. आणि तो कानीं पडत असतां या पोरांस कळून चुकलें कीं, आपला पांढरा पोषाख लोकांच्या दृष्टीनें परक्याच्या चाकरीचा पोषाख आहे. आमच्या पांढरपेशा वर्गांत तरी या मुलांची गणना पोटार्थी शिपायांतच होत असे, हें कबूल केलें पाहिजे. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या एकीकडे आणि स्वकीयांची उपेक्षा दुसरीकडे, अशा कात्रींत तीं सांपडलीं होतीं.

कुलाब्यास ‘तलवार’ नांवाची संदेशविद्येची आरमारी शाळा होती. फेब्रुवारीच्या आरंभीं तेथील भिंतींवर ‘हिंदुस्थान सोडून जा’ अशा अर्थाचीं वाक्यें लिहिल्याबद्दल बी. सी. दत्त या बंगाली तारायंत्र्यास अटक झाली. अन्न निकृष्ट मिळे, पगारांत काळ्यागोऱ्यांचा भेद होता, आणि कमांडर किंग नांवाचा अधिकारी खलाशांस उद्देशून घाणेरडी भाषा वापरी. ता. १८ फेब्रुवारीस तेथील हजारावर खलाशांनीं सकाळचें अन्न नाकारलें व कामहि नाकारलें. दुसऱ्या दिवसापर्यंत बंदरांतील जहाजांवर व किनाऱ्यावरील बरॅकींत तोच प्रकार सुरू झाला. एम. एस. खान यांस अध्यक्ष व मदनसिंग यांस उपाध्यक्ष करून खलाशांनीं आपली मध्यवर्ती समिति नेमली. एक मुसलमान आणि एक शीख! त्या वर्षीं देशांत पुढें जें कांहीं घडलें तें ध्यानांत घेतां हीं दोन नांवें शेजारीं शेजारीं वाचतांना मन क्षणभर थबकतें. जहाजांच्या डोलकाठ्यांवर काँग्रेसचीं, लीगचीं व कम्युनिस्टांचीं निशाणें एकत्र चढलीं.

सारेंच प्रशंसनीय झालें असें नव्हे. मोटारगाड्यांतून शहरांत फिरणाऱ्या कांहीं खलाशांनीं रस्त्यावरील युरोपियनांस त्रास दिला. शिस्त सुटलेला जमाव वेष कोणताहि असला तरी जमावच असतो, आणि या प्रकारांचें समर्थन आम्ही करणार नाहीं.

ता. २१ रोजीं कॅसल बॅरॅक्सभोंवतीं लष्कराचा पहारा होता. आंतील खलाशांनीं बाहेर पडण्याचा प्रयत्न करतांच गोळीबार झाला, खलाशांनींहि शस्त्रागारांतील बंदुका घेऊन उलट गोळ्या झाडल्या, आणि कित्येक तास ही चकमक चालली. आरमाराचा सेनापति ॲडमिरल गॉडफ्रे यानें नभोवाणीवरून धमकी दिली कीं, प्रसंगीं सबंध आरमार नष्ट झालें तरी चालेल, परंतु सरकार हें बंड मोडल्यावांचून राहणार नाहीं. जहाजांवरील रसद तुटली. आणि त्याच दिवशीं, ज्यास ‘भारताचें प्रवेशद्वार’ म्हणतात व जें एका इंग्रज राजाच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलें गेलें, त्या गेटवेच्या धक्क्यावर माणसें जमूं लागलीं. त्यांच्या हातांत पाव होते, दूध होतें, फळें होतीं, भाजीपाला होता. खलाशी होड्यांतून धक्क्याला येत व मिळेल तें भरून जहाजांकडे परत नेत. कित्येक दुकानदारांनीं तर, लागेल तें घ्या, असें त्यांस सांगितलें. बंदोबस्तासाठीं उभे असलेले हिंदी शिपाई टोपल्या होड्यांत चढवावयास हात लावीत होते, असेंहि त्या वेळच्या वृत्तांतांत नमूद आहे.

आमच्या मतें या चार दिवसांतील मुख्य गोष्ट तोफाबंदुकांची नव्हे, ही आहे. कालपर्यंत जो वेष परक्याचा समजला जात होता, तो त्या धक्क्यावर एका दुपारींत शहराचा झाला. अन्नावरून सुरू झालेल्या तंट्यास शहरानें अन्नानेंच उत्तर दिलें. तें देणारे कोण होते? कोणी सभेचे अध्यक्ष नव्हते, कोणी कौन्सिलर नव्हते. रस्त्यावरचीं सामान्य माणसें, छोटे दुकानदार, इराणी हॉटेलवाले असे ते होते. हिंदू आणि मुसलमान वस्त्यांचा भेद त्या दिवशीं कोणी केला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं, ता. २२ रोजीं, कम्युनिस्ट पक्षानें हरताळाची हांक दिली व सुमारें तीन लक्ष कामगार गिरण्याकारखाने सोडून बाहेर पडले. गिरणगांवांतील रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, लष्कराच्या गाड्या फिरल्या आणि गोळीबार झाला. परळास कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळी लागून मरण पावली. या दंगलींत मुंबईंत २२८ नागरिक ठार व १,०४६ जखमी झाले, असा सरकारी आंकडा आहे. जहाजांवर जितके मेले त्याच्या कितीतरी पट माणसें रस्त्यावर मेलीं. आणि त्यांतील बहुतेकांनीं आयुष्यांत युद्धनौकेवर पाऊलहि ठेवलें नसेल.

पुढाऱ्यांचें मत निराळें होतें. सरदार पटेलांनीं खलाशांस शरण जाण्याचा सल्ला दिला, जिनांनींहि दिला; अरुणा असफ अली यांच्यासारखे अपवाद थोडे. सैन्याची शिस्त मोडूं नये, ती उद्यां स्वराज्यासहि लागणार आहे, हा सरदारांचा मुद्दा होता, आणि तो सहजासहजीं खोडून काढतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु कोणावर सूड उगविला जाऊं नये यासाठीं आपण प्रयत्न करूं, असें जें आश्वासन त्याबरोबर मिळालें, त्याच्याच भरंवशावर ता. २३ च्या सकाळीं जहाजांवर शरणागतीचीं काळीं निशाणें चढलीं, हें विसरतां येत नाहीं. सूड उगविला गेला. शेंकडों खलाशांस मुलुंडच्या छावणींत डांबण्यांत आलें व ४७६ जणांस नोकरींतून काढण्यांत आलें. न्यायमूर्ति फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीमंडळानें खलाशांच्या पुष्कळशा तक्रारी खऱ्या ठरविल्या. काढलेल्यांस त्याचा उपयोग झाला नाहीं. दीड वर्षांत स्वराज्य आलें, देशाबरोबर आरमाराचीहि वांटणी झाली, आणि दोन्ही राज्यांनीं त्या पोरांस परत घेतलें नाहीं. या दोन राज्यांचें ज्या थोड्या गोष्टींवर एकमत झालें, त्यांपैकीं ही एक. त्यांच्या निरोपास कोणीं बिगूल वाजविला नाहीं. दत्त पुढें मुंबईंतच वृत्तपत्रांत नोकरीस लागले, आणि आपली हकीकत पुस्तकरूपानें त्यांनीं सांगितली ती १९७१ सालीं.

विराटचें पुढें काय झालें तें बहुतेकांस आठवत असेल. सिंधुदुर्गाच्या समुद्रांत त्याचें संग्रहालय करावें म्हणून महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं ८५२ कोटींची योजना मंजूर केली. ती कागदावरच राहिली. अखेर तें ३८ कोटी ५४ लक्षांस मोडीत विकलें गेलें, २०२० च्या सप्टेंबरांत मुंबईहून ओढत अलंगच्या किनाऱ्यास नेलें गेलें, आणि सर्वोच्च न्यायालयांत त्याच्या बचावाचा विचार होईपर्यंत त्याचा बराचसा भाग कापून झालेला होता. वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त झाली, आणि आमच्यासारख्या अनेक घरांतून ती मनापासून व्यक्त झाली. आमच्यांतील कित्येकांनीं आपल्या मुलांस बोटाला धरून आरमारदिनाच्या रांगेंत उभें राहून मोठ्या युद्धनौका दाखविल्या असतील. परंतु त्या रांगेपासून हाकेच्या अंतरावरील आंग्रेच्या तटाकडे बोट दाखवून १९४६ ची हकीकत सांगितल्याचें आम्हांस तरी स्मरत नाहीं.

कुलाब्यास त्या उठावाचें एक लहानसें स्मारक २००१ सालीं उभें राहिलें. उठावानंतर पंचावन्न वर्षांनीं. आरमारानेंहि आपल्या दोन बोटींस मदनसिंग व बी. सी. दत्त यांचीं नांवें दिलीं आहेत. त्या युद्धनौका नव्हेत. बंदरांतील टग आहेत. मोठीं जहाजें धक्क्यास लावावयाचीं आणि धक्क्यापासून सोडवून खोल पाण्यांत नेऊन पोंचवावयाचीं, हें त्यांचें काम.